राकान की राखण

सकाळी सव्वासहाला यशोदाबाईंचे डोळे बांधले. मंगळवार, ७ जानेवारी २००३. आंजीजवळच्या छोट्या जपानी मंदिराच्या आवारात साठेक माणसं श्वास रोखून उभी होती. समोर सोळा दगडी मूर्ती, बुद्धाचे शिष्य. जपानीत त्यांना राकान म्हणतात. गावानं ऐकलं राखण, आणि आवार झाडणाऱ्या अण्णाजीचं दुकान चालू झालं.

"माय, हरवलेलं माणूस इथं राखणीले हाय! दगड गार, तर गेला. गरम, तर जिता!"

अण्णाजीनं त्यांचा हात सातव्या मूर्तीच्या शालीवर टेकवताच यशोदाबाई ओरडल्या, "गरम हाय! माहा प्रफुल जिता हाय!"

गर्दीनं हात जोडले. यशोदाबाईंची धाकटी बहीण इंदिरा, शाळेतली शिक्षिका, हिनं तेवढे जोडले नाहीत. तिच्या पर्समध्ये पोलिसांची चिठ्ठी होती. हिंगणघाटजवळ रुळांलगत एका तरुणाचा मृतदेह सापडलाय, ओळखायला या, तीनच दिवस ठेवू. प्रफुल घर सोडून तीन महिने झाले होते.

"ताई, चाल ना."

"जित्याच्या मायनं मेलेल्याले पाहाले काऊन जाव?"

नऊ वाजता इंदिरानं त्याच शालीवर हात ठेवून पाहिला. बाजूचे दगड तापू लागले होते; सातवा निवला होता. उन्हात दगड निवतो कसा?

बहिणीला पुन्हा तिथे आणायला तिला शुक्रवार उजाडला. सगळ्यांदेखत तिनं शाल ओढली. मूर्तीच्या पोटाला सुतळीनं बांधलेली रबरी पिशवी, गरम पाण्यानं भरलेली.

"काय हे, अण्णाजी?"

"देवाचं... पोट शेकून राह्यलो, बाई."

लोक हसले. आतून आलेले म्हातारे जपानी भिक्षू गोंधळून म्हणाले, "राकान मतलब शिष्य. राखण नहीं."

"हात लावता, तशी शालही उचलून पाहात जा," इंदिरा गर्दीला म्हणाली. "विचारलं तर देव रागवत नाई."

यशोदाबाईंनी पिशवी सोडवून गालाशी धरली होती. "अजून गरम हाय व, इंदे." मग पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "चाल. पाहून येऊ."

हिंगणघाटला पोचायला दुपार झाली. गुरुवारी संध्याकाळीच बेवारस म्हणून अंत्यसंस्कार उरकले होते. हवालदारानं निळ्या चौकटीचा शर्ट पुढे ठेवला. यशोदाबाईंनी कॉलर उलटून पाहिली, बटणं चाचपली.

"असाच होता त्याचा. पण असा तर लय पोरायचा असते."

हवालदारानं नोंद केली: ओळख पटली नाही. ती नोंद आजही तशीच आहे.