उंटाची कोंडी

घड्याळ दुरुस्तीच्या त्या दुकानात टेबलं दोन आणि खिडकी एक. खिडकीजवळचं टेबल धाकट्याचं. तो काम शिकत होता तेव्हा नवशिक्याला उजेड लागतो म्हणून वडिलांनी त्याला तिथं बसवलं. पुढे धाकटा शिकून तयार झाला, त्याला टक्कलही पडलं, पण उजेड काही सुटला नाही. इकडे थोरल्याला दिव्याखालीसुद्धा सेकंदकाटा कुठला आणि आपली पापणी कुठली हे कळेनासं झालं होतं. भांडून झालं, अबोला धरून झाला. शेवटी ठरलं, बुद्धिबळाचा एक डाव. थोरला जिंकला तर खिडकी त्याची. हरला किंवा बरोबरी झाली, तर आहे तसंच.

दुकानातल्या डावाचे नियम जुने होते. गिऱ्हाईक आलं की डाव थांबायचा, आणि ज्याची चाल नसेल त्यानं गिऱ्हाईक बघायचं. दुकान बंद होईपर्यंत निकाल लागला नाही, तर बरोबरी.

दुपार कलली तेव्हा पटावर फारसं काही उरलं नव्हतं. थोरल्याचा घोडा मधोमध ऐसपैस उभा. धाकट्याचा उंट पांढऱ्या घरांतून फिरणारा, आणि त्याचीच प्यादी पांढऱ्या घरांवर ठाण मांडून बसलेली. त्यामुळे उंट स्वतःच्या घरात भाडेकरूसारखा अंग चोरून होता. थोरल्यानं राजा शांतपणे एक घर सरकवला आणि धाकट्याचा चेहरा पडला. उंट हलवला तर प्यादं जातं. राजा हलवला तर थोरल्याचा राजा आत घुसतो. प्यादी अडलेली. काहीच न करता बसता आलं असतं तर त्याचं उत्तम चाललं होतं. पण बुद्धिबळात ती सोय नाही.

"खेळ," थोरला म्हणाला.

"विचार करतोय, दादा."

"जन्मात पहिल्यांदाच करतोयस. सावकाश कर."

धाकट्यानं ते मनावर घेतलं. त्यानं खिडकीतून रस्त्यावरच्या एका बाईंना हात केला. "ताई, तुमचं घड्याळ मागे पडतंय वाटतं! या ना आत, दादा बघून देतील."

बाईंचं घड्याळ ठणठणीत होतं. पण उघडून पाहिल्याशिवाय त्या हलेनात. त्यांच्यामागून पट्टा बदलायला पोस्टमन आला. मग नुसती वेळ विचारायला न्हावी आला, तर धाकट्यानं दादाला त्याच्यापुढे गजराची सगळी घड्याळं मांडायला लावली. चाल धाकट्याची, म्हणजे उठाबशा थोरल्याच्या. धंद्याला अशी बरकत कधी आली नव्हती, आणि थोरल्याचा जीव जात होता.

अखेर तो दारातच उभा राहिला. "आमच्याकडे काम वेळेवर होत नाही," त्यानं न्हाव्याला बजावलं.

"इतकं खरं बोलणारा दुकानदार!" न्हावी गहिवरला, आणि आपल्या भावाचं घड्याळ आणायला पळाला.

बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. धाकटा शीळ घालत होता. तेवढ्यात काखेत भिंतीवरचं घड्याळ घेऊन त्याचे सासरे आत आले.

"गिऱ्हाईक!" धाकटा आनंदानं ओरडला. "डाव थांबला!"

थोरल्यानं खुर्ची पुढे केली. "या काका, बसा." मग धाकट्याकडे वळून साखरेसारख्या आवाजात म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणतोस? मग यांची पावती फाड. आगाऊ रक्कम किती घेऊ?"

सासऱ्यांची भुवई वर गेली. "पावती?"

"नाही, नाही!" धाकटा घाबरला. "तुमच्याकडून कसले पैसे, बाबा? तुम्ही घरचे."

"घरचे ना?" थोरला खाली बसला. "मग डाव चालू. खेळ."

धाकट्यानं दाराकडे पाहिलं. न्हाव्याचा पत्ता नव्हता.

सासरे चष्मा पुसून पटावर वाकले. "अहो जावईबापू, चाल तुमची आहे ना? एवढं काय धरून बसलाय? लग्नालासुद्धा होकार द्यायला तुम्ही असाच वेळ लावला होतात. लेकीला सांगेन हं!"

धाकट्याचे कान लाल झाले. त्यानं डोळे मिटून उंट हलवला. घोड्यानं प्यादं उचललं. मग दुसरं. तिसरं जाण्याआधीच धाकट्यानं हार मानून राजा आडवा केला.

आपली भिंगं, चिमटे आणि गादी घेऊन थोरला खिडकीपाशी गेला आणि उरलेल्या उजेडात सासऱ्यांचं घड्याळ उघडून बसला.

सासरे अजून पटावरच वाकले होते. "चुकलंच तुमचं. उंट हलवायला नको होता."

"मग काय हलवायचं होतं?"

सासऱ्यांनी बराच वेळ पट न्याहाळला.

"काहीच नाही," ते म्हणाले.