कोणी हलायचं नाही

बैठकीच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. सतरंजीवर, सोफ्यावर, दारात शेजारी दाटीवाटीनं बसले होते आणि सगळ्यांचे डोळे आतल्या बोळाकडे लागले होते. बाहेरचा उजेड सरला तसे खिडक्यांचे पडदे आपोआप मिटले. कुणीतरी "अगं आई गं" असं पुटपुटलं.

"कोणी हलायचं नाही," मौनीबाबा म्हणाले. "हालचालीला आत्मा बिचकतो. त्याची कंपनं नाजूक असतात, सातव्या थरातली." नाव मौनी असलं तरी बाबांची जीभ टाळूला लागत नसे. "बाळा, ये. आईच्या वाटेत उजेड कर."

असं म्हणत ते काळोख्या बोळात शिरले आणि त्यांच्या पुढं एकेक दिवा लागत गेला.

"आला माझा," सासूबाई म्हणाल्या.

सून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ज्याला बोलावणं चाललं होतं, तो तिचा नवरा. दोघांनी मिळून हे घर पसंत केलं, खरेदी झाली आणि राहायला येण्याआधीच त्याचं हृदय बंद पडलं. सामान लावायला सासू-सून दोघीच आल्या. आधीच्या मालकानं किल्ल्या दिल्या, पण घराबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. पहिल्याच संध्याकाळी सासूबाई पाणी प्यायला उठल्या, तर बोळात दिवा आपोआप लागला. त्यांनी तो मुलानं लावला असं धरलं. गल्लीत बोभाटा झाला आणि बाबा बोलावल्याशिवाय हजर झाले.

सुनेला दिव्यांची भीती वाटत नव्हती, आनंदही होत नव्हता. ती औषधाच्या दुकानात कामाला जायची, गोळ्या द्यायची, घरी यायची. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर घास जसा लागतो, तसे दिवस जात होते.

पण गोळ्यांच्या वासानं आत्मा जवळ येत नाही, असं बाबांनी सांगितलं. सासूबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या आणि बाबांचं मंतरलेलं पाणी सुरू केलं. त्यांचे पाय सुजले, चालताना तोल जाऊ लागला.

"आई, गोळी घ्या."

"घेतली तर तो यायचा नाही."

"तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"तुला काय त्याचं? तुझ्या डोळ्यात तर टिपूसही नाही."

ते खरंच होतं. सुनेनं गोळी पुन्हा पाकिटात ठेवली.

एका ढगाळ दुपारी ती कामावरून आली, चपला काढायला बोळातल्या बाकावर बसली, ती उठलीच नाही. डोक्यावर दिवा लागलेला होता. ती भिंतीकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं दिवा विझला. ती तशीच बसली. मग नाकावर बसलेली माशी तिनं हातानं उडवली आणि दिवा लागला. ती पुन्हा निश्चल झाली. दिवा विझला. मान वळवली, लागला.

आपण इतक्या गप्प बसलो की घराला वाटलं, इथं कोणीच नाही. हा विचार मनात आला तरी तिला काही वाटलं नाही. तिनं फक्त वर पाहिलं. छताला बटणाएवढा पांढरा डोळा होता.

तिनं आधीच्या मालकाला फोन लावला.

"अहो, ते सेन्सर," तो ओशाळून म्हणाला. "हालचाल दिसली की दिवा लागतो, उजेड कमी झाला की पडदे बंद होतात. माझ्या आईला अंधुक दिसायचं, म्हणून मीच सगळं बसवलं. सांगायचं राहून गेलं, माफ करा. मीटरजवळ एक डबी आहे, हे सगळं तिच्यावरच चालतं, ती तुमच्या नावावर कशी करायची ते सांगतो."

पुढच्या बैठकीत बाबा बोळाकडे निघाले, तशी सून आडवी आली. "आज इथूनच बोलवा. खुर्चीत बसून."

"तशी पद्धत नाही, बेटी."

"बसा की बाबा," समोरचे काका म्हणाले. "आत्म्याला काय फरक पडतो?"

बाबा बसले. त्यांनी बाळाला बोलावलं, विनवलं, शेवटी दरडावलं. बोळ काळाकुट्ट राहिला.

"काका, आता तुम्ही आत जाऊन या. मंत्र वगैरे काही म्हणू नका."

काका निघाले आणि त्यांच्या पुढं दिवे लागत गेले. ते मधेच थबकले. "अरेच्चा, आमच्या ऑफिसच्या संडासात असाच दिवा आहे. तिथं कोणाचा आत्मा आणायचा?"

खोलीत हशा पिकला. सुनेनं सगळ्यांना तो पांढरा डोळा दाखवला, फोनवरचं बोलणं सांगितलं. "असे दिवे तुम्ही रोज बघता," ती म्हणाली. "समोर बाबा असले की मात्र विचारायचं विसरता. कोणी हलू नका म्हटलं की हलून बघा. औषध सोडा म्हटलं की डॉक्टरला विचारा. एवढंच करा."

"या घरात मी मौन पाळतो," बाबा म्हणाले आणि ते खरोखरच पाळत चालते झाले.

घर रिकामं झालं.

"कशाला केलंस हे?" सासूबाईंनी विचारलं. "खोटं असलं तरी बरं वाटत होतं."

"तुम्ही मरायला निघाला होतात, आई."

"तुला नको होता का तो?"

"हवा होता," सून म्हणाली. "दिव्यावर कसं भागेल माझं?"

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि गोळीसाठी हात पुढं केला. ती गिळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "लहानपणी गोळी घ्यायची म्हटलं की पलंगाखाली जाऊन लपायचा."

"लग्नानंतरही तेच करायचा," सून म्हणाली.

आजवर दोघी 'तो येतो', 'तो ऐकतो' असंच ऐकत आल्या होत्या. त्या संध्याकाळी जेवण होईपर्यंत, तो कसा होता, हेच त्या एकमेकींना सांगत राहिल्या.