मुलीच्या मामाचं नाव

"तात्या, ही आजून एक. वरच्या वाडीचं गेणूभाऊ आल्यात."

मल्हारने चिठ्ठी पुढे केली आणि बिरदेवतात्यांनी ती उलगडता उलगडताच वाचून टाकली. "वरच्या वाडीचे माजी सरपंच माननीय गेणूभाऊ यांचं दोन्ही परिवारांच्या वतीनं सहर्ष स्वागत. त्यांनी पुढं येऊन स्थानापन्न व्हावं." शेवटच्या 'व्हावं'वर आवाज थोडा खाली आला, आणि मागच्या रांगेतले गेणूभाऊ, जे मुद्दाम मागे बसले होते, ते धोतर सावरत पुढे निघाले. नाव पुकारल्याशिवाय पुढे यायचं नाही आणि पुकारल्यावर मागे राहायचं नाही, ही या भागाची रीत आहे.

निमगाव केतकीच्या मंगल कार्यालयात आज तात्यांच्याच मुलीचं, प्रतिक्षाचं लग्न होतं. मुलीच्या बापाने माइक धरायचा नसतो, त्याने दारात उभं राहून हात जोडायचे असतात. ते काम तात्यांनी थोरल्या भावावर सोपवलं होतं. भावाचा पोरगा मल्हार चिठ्ठ्या आणत होता. आणि माइक तात्यांच्या हातात होता, कारण प्रतिक्षाने तसा हट्टच धरला होता.

तात्यांचा आवाज म्हणजे निरवांगी पंचक्रोशीची सामायिक मालमत्ता. तीस वर्षं ते गावच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ फॅट काढत आले आणि लग्नसराईत माइक धरत आले. संस्थेत त्यांना कोणी विचारत नसे, पण मांडवात त्यांच्या तोंडून आपलं नाव यावं म्हणून भलेभले घसा खाकरत दारात रेंगाळत. पाहुणा आला की कोणीतरी त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी वर यायची आणि तात्या ती वाचायचे. आधी डोळ्यांनी, मग तोंडाने, अशी चैन तात्यांना परवडत नसे. चिठ्ठ्याच इतक्या येत, की डोळे आणि तोंड बरोबरच धावत. "आपुन पोस्टमन," ते म्हणायचे. "पाकीट कुणाचं, आत काय, आपल्याला काय करायचंय?"

पूर्वी ते खरंही होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी चिठ्ठ्या विडीच्या बंडलाच्या कागदावर यायच्या. त्यांत साखर कारखान्याचे संचालक असायचे, त्यांच्याविरुद्ध पडलेले उमेदवार असायचे, शाळेतले गुरुजी असायचे आणि मुलीच्या आत्याचे सासरेही असायचे. सकाळी एकमेकांची बिंगं फोडणारे दुपारी एकाच पंगतीत मांडीला मांडी लावून बसत आणि मठ्ठ्यात मीठ कमी आहे यावर त्यांचं एकमत होत असे.

मग काय झालं ते तात्यांना नीटसं सांगता आलं नसतं. एकदम काही झालं नाही. आधी चिठ्ठ्यांवर 'यांच्या आधी घ्या' असं लिहून यायला लागलं. मग पोरं मोबाइल वर धरून उभी राहायला लागली. कोणाचं नाव आधी आलं, कोणाच्या नावाआधी 'लोकप्रिय' म्हणायचं राहिलं, याचा निकाल संध्याकाळपर्यंत ग्रुपवर लागायचा आणि रात्री तात्यांना फोन यायचे. आरक्षणाचे मोर्चे निघाले तेव्हापासून मांडवातल्या खुर्च्याही आपोआप वाटल्या गेल्या. कोणी कोणाला उठवलं नाही, पण कोण कुठे बसणार हे तात्यांना वरून आधीच कळायला लागलं. ज्या पोरांना त्यांनी बारशापासून पाहिलं होतं, ती राम राम घालण्याआधी समोरच्याचं स्टेटस आठवून बघायची.

आणि दोन वर्षांपूर्वी वरची माणसं फुटली. तालुक्याचे जुने नेते आप्पासाहेब एका बाजूला, आणि त्यांनीच बोटाला धरून राजकारणात आणलेला अविराज दुसऱ्या बाजूला. वर एक चीर गेली की खाली गावोगाव घरं दुभंगतात. तात्यांचा मेव्हणा, म्हणजे सारजाबाईंचा धाकटा भाऊ नागेश, अविराजबरोबर गेला. दूध संस्था आप्पासाहेबांच्या ताब्यात, म्हणून तात्या जिथे होते तिथेच राहिले. तात्यांना पक्ष असा नव्हताच. त्यांना नोकरी होती.

विधानसभेच्या वेळी बाजारतळावर आप्पासाहेबांची सभा होती. माइकवर अर्थातच तात्या. चिठ्ठ्या येत होत्या आणि तात्या वाचत होते. कोणाचा जाहीर पाठिंबा, कोणाचा पक्षप्रवेश, कोणाची मोटारसायकल रस्त्यात आडवी. आणि त्यातच एक चिठ्ठी आली. "निरवांगीच्या नागेशनं रस्त्याच्या ठेक्यासाठी बापासारख्या माणसाशी बेइमानी केली. या गद्दाराला गावात उभं करू नका." तात्यांनी ती खणखणीत आवाजात, गद्दारवर नेमका जोर देऊन वाचली. पुढची चिठ्ठी हातात घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय वाचलं. तोवर शिट्ट्या सुरू झाल्या होत्या.

त्या रात्री तालुक्यातल्या प्रत्येक मोबाइलवर ते वाजलं. मागे ढोल लावले होते, नागेशच्या फोटोवर फुली मारली होती, आणि आवाज तात्यांचा होता.

आठ दिवसांनी तात्या नागेशच्या वस्तीवर गेले. नागेशने खुर्ची दिली, त्याच्या बायकोने, रेश्माने, चहा दिला. गाय कधी व्यायची, ऊस कधी तुटायचा, सगळं बोलून झालं.

"नागेशराव, मी वाचलं न्हवतं वो आधी," शेवटी तात्या म्हणाले. "चिठ्ठी आली, वाचली. तुमाला म्हाईत हाय माजी सवय."

"म्हाईत हाय की."

"ती कुणी लिवली त्ये सुदिक मला ठावं न्हाय."

"दाजी, चिठ्ठी कुणाची का आसंना," नागेश म्हणाला, "त्वांड तुमचं व्हतं." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तात्यांना जास्त लागलं. "दुसऱ्या कुणी म्हणलं आस्तं तर मी कानाखाली वडली आस्ती. आता तुमाला काय करू? माजी पोरगी शाळंतनं रडत आली. म्हणली, तात्यामामा आसं का म्हणलं?"

त्यानंतर येणं-जाणं थांबलं. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं.

प्रतिक्षाचं लग्न ठरलं तेव्हा सारजाबाई पहिली पत्रिका घेऊन भावाकडे गेल्या. नागेशने पत्रिका देवापुढे ठेवली. मामाने द्यायची पिवळी साडी त्याने स्वतः बारामतीला जाऊन आणली आणि रेश्माच्या हाती पाठवूनही दिली. पण "येशील न्हवं?" या प्रश्नावर तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. अक्षता पडताना मामाने भाचीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. प्रतिक्षाचं निम्मं बालपण त्याच मामाच्या खांद्यावर गेलं होतं.

"तात्या, तुमीच माइक घ्या," ती म्हणाली होती. "आन मामाला तुमी पुकारा. नुसतं 'मुलीचे मामा' न्हाय, पुरं नाव घ्या, मान देऊन. ज्या तोंडानं त्ये झालं त्याच तोंडानं मिटू द्या. समद्या गावाम्होरं. मग येतो का न्हाय बगा."

लेकीचं म्हणणं तात्यांना पटलं. चार दिवस गोठ्यात, संस्थेत, गाडीवर त्यांनी ते वाक्य घोळवलं. तीस वर्षांत एक वाक्य त्यांनी कधी आधी तयार केलं नव्हतं, ते हे केलं. 'माझे मेव्हणे, या घराचा आधार, माननीय श्री. नागेशराव यांनी आपल्या लाडक्या भाचीच्या पाठीशी उभं राहण्यासाठी मानानं पुढं यावं.' 'आधार' हा शब्द त्यांनी शेवटी घातला होता आणि त्यावर ते खूश होते.

मुहूर्त बारा बेचाळीसचा. बारा वाजता दारात गडबड झाली आणि एकाच गाडीतून आप्पासाहेब आणि अविराजभैया उतरले.

मांडवातल्या माना दाराकडे वळल्या. आठ दिवसांपूर्वी दोघांचं जुळलं होतं, झेडपीला एकत्र लढायचं ठरलं होतं, हे सगळ्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. पण वाचणं निराळं आणि डोळ्यांनी बघणं निराळं. आप्पासाहेब पहिल्या सोफ्यावर बसले आणि त्यांनी शेजारची जागा हाताने थोपटली. तिथे अविराज बसला. आप्पासाहेब त्याच्या कानात काहीतरी बोलले आणि दोघं पोट हलेपर्यंत हसले. मागच्या खुर्च्यांवर दोन बाजूंना बसलेली माणसं मात्र जिथल्या तिथे होती. दोन वर्षं एकमेकांच्या बांधावर न गेलेल्या माणसांना उठून जागा बदलायला कोणी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठी आली. तात्यांनी दोघांचं एकत्र स्वागत वाचलं. टाळ्या झाल्या.

मुलगी मांडवात आली. पिवळी साडी तिला मोठी होत होती, ती चालताना निऱ्या उचलत होती. गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितलं. नवऱ्या मुलाचा मामा लिंबू टोचलेली कट्यार सांभाळत मागे उभा राहिला. प्रतिक्षाने मान किंचित वळवून बापाकडे पाहिलं.

तात्यांनी माइक तोंडाजवळ घेतला. "आता मुलीचे मामा," ते म्हणाले, आणि श्वास घेतला. एवढ्यात मल्हारने त्यांच्या हातात चिठ्ठी सरकवली.

"मामा भाईर हायत," तो कानाशी कुजबुजला. "पाण्याच्या टँकरपाशी. आत चला म्हणलं, तर म्हणलं, ही आदी तात्यांच्या हातात दे."

हात सवयीने चिठ्ठी उलगडू लागला, तोंड सवयीने उघडलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तात्यांनी तोंड मिटून चिठ्ठी डोळ्यांनी वाचली.

'दाजी, माइकवर माझं नाव घेऊ नये. तुमच्या तोंडून ते एकदा गावाने ऐकलं आहे. ज्यांच्या भांडणात गद्दार ठरलो, ते दोघं एका गाडीतून आलेले बघितले. आता मी कोणाच्या तोंडाने आत येऊ? पोरीला आशीर्वाद.'

स्पीकर नुसताच घुमत राहिला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "मुलीचे मामा कुठे आहेत? दोन मिनिटं राहिली."

तात्यांना वाटलं, माइक टाकावा आणि धावत टँकरपर्यंत जावं. त्यांनी एक पाऊल टाकलंही. पण पुढे फोटोवाले होते, करवल्या होत्या, आणि आप्पासाहेब उठून स्टेजपाशी आले होते.

"काय झालं बिरदेव? मामा न्हाय व्हय? आरं मग कुनाला तरी हुबं कर, मुहूर्त चाललाय."

"हायत, आप्पासाहेब, भाईर..."

"मी राहतो की उभा," अविराज म्हणाला. तो हसत हसत पायऱ्या चढलाही. "तालुक्यातल्या समद्या पोरींचा मामाच हाय मी. काय तात्या?"

लोक हसले, शिट्टी वाजली, शंभरेक मोबाइल वर झाले. ज्याच्यासाठी नागेशने गाव सोडल्यासारखं केलं, तो माणूस नागेशच्या जागेवर उभा राहिला आणि त्याने प्रतिक्षाच्या खांद्यावर हात ठेवला. तिने मागे वळून पाहिलं, आणि मग खाली पाहिलं. पहिल्या रांगेत सारजाबाईंनी तोंडावर पदर धरला. तात्यांना 'नको' म्हणायचं होतं. तो शब्द तर चिठ्ठीवाचूनही म्हणता आला असता. पण समोर आप्पासाहेब होते, मागे संस्था होती, आणि दोन्हीकडचे पाहुणे होते.

अविराजच्या माणसाने फ्लेक्सचा तुकडा फाडून घाईघाईने चिठ्ठी लिहिली. "हे घ्या तात्या. पटकन." 'मुलीचे मामा म्हणून उभे आहेत आपले लोकप्रिय युवा नेते अविराजभैया.'

तात्यांनी ती डोळ्यांनी वाचली. ही दुसरी. मग ती पहिल्या चिठ्ठीखाली धरली.

"वाचा की."

तात्या वाचेनात. त्या माणसाने एक-दोनदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांच्या बोटांतून माइक सहज काढून घेतला. बोटांनी तो धरूनही ठेवला नव्हता. चिरक्या आवाजात अविराजचं नाव मांडवभर गेलं, कार्यालयाच्या फाटकावरच्या कर्ण्यातून बाहेर रस्त्यावर गेलं, टँकरपर्यंत तर नक्कीच गेलं. मंगलाष्टकं सुरू झाली.

तात्या स्टेजच्या मागच्या बाजूने खाली उतरले. भटारखान्यातून, भाताच्या पातेल्यांमधून वाट काढत ते बाहेर आले तेव्हा 'शुभमंगल सावधान' झालं आणि पुढच्या दारात फटाके उडाले. टँकरपाशी नागेश उभा होता. पांढरा सदरा, नवी टोपी, कपाळाला गंध. लग्नाला निघालेला माणूस जसा असतो तसाच. त्याच्या मुठीत अक्षता होत्या. त्याने त्या मांडवाच्या दिशेने टाकल्या. मधे वाढप्यांची मोकळी टेबलं होती, त्यांच्या अलीकडेच त्या पडल्या. त्याने हात जोडले, टोपी नीट केली आणि मोटारसायकलला किक मारली.

"नागेशराव," तात्यांनी हाक मारली.

तीस वर्षांत त्यांनी माइकशिवाय असं मोठ्याने कोणाचं नाव घेतलं नव्हतं. वर कर्ण्यातून आप्पासाहेबांचे आशीर्वादाचे शब्द सुरू झाले होते, एकी, आपुलकी, घराणं. त्याखाली तात्यांचा आवाज टँकरच्या पलीकडेही पोचला नाही. नागेशची गाडी फाटकातून बाहेर पडून निरवांगीच्या रस्त्याला लागली. तात्यांनी चार दिवस घोळवलेलं ते वाक्य हळू म्हणून पाहिलं. 'आधार'पाशी आले आणि थांबले.

"तात्या," मल्हार धापा टाकत आला. त्याच्या हातात चिठ्ठी होती. "आप्पासाहेब निघाल्यात. आभार मानायला तुमाला बलावत्यात."