कड्यावरचा लाल ठिपका

त्या पहाटे कड्याच्या टोकावर काय घडले, ते मी पाहिलेले नाही. माझ्या डोळ्यावर चामड्याची टोपी होती. ती रोज संध्याकाळी चढवली जाई आणि ऊन वर आल्यावरच उतरवली जाई. मी कठड्यावरची दुर्बीण बोलते आहे. पाहणे हा माझा एकमेव धंदा, म्हणून काय पाहिले नाही ते आधी सांगून टाकलेले बरे. न पाहिलेले रंगवून सांगणाऱ्यांची या ठिकाणी कधीच उणीव नव्हती.

माझी भिंगे ज्याने घासली, त्याचे स्वतःचे डोळे अधू होते. तो बोटांनी पारखत असे. तिथून मी गेले ती वणवा हेरण्यासाठी बांधलेल्या एका मनोऱ्यावर. धूर दिसला की पहारेकरी घंटा वाजवी आणि खाली माणसे धावत सुटत. पाहिले की धावायचे असते, असा माझा बाळबोध समज तिथे झाला. पुढे मनोरा बंद पडला, मी भंगारात निघाले, आणि दुर्बीणवाल्याने मला या कठड्यावर आणून तिपाईवर चढवले. तो समज इथे पार फिटला.

जागा नामी होती. खाली नदी तीन वळणे घेते. पहिल्या वळणावर रबरी होड्या सुटतात, दुसऱ्यावर सहलीचे तंबू आहेत आणि तिसऱ्यावर, पाण्याला लागून, एक पांढरा सपाट खडक आहे. पलीकडच्या काठाने बसचा रस्ता जातो. कडा कोयत्यासारखा वळलेला असल्यामुळे कठड्यावरून त्याचे टोक समोरच दिसते, आणि टोकाच्या खाली एक अरुंद कंगोरा. माझ्याशिवाय तो कंगोरा म्हणजे दगडावरची एक रेघ.

सुरुवातीला मात्र धंदा बसेना. लोक डोळा लावत आणि लगेच काढत. "झाडंच तर दिसतायत की हो! ती काय नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत?" दुर्बीणवाल्याच्या ध्यानात आले की, माणसाला निसर्ग जवळून बघायचा नसतो, माणूस जवळून बघायचा असतो, आणि तोही आपण बघतो आहोत हे त्याला दिसू न देता.

त्याने आपल्या बायकोला लाल चपला आणून दिल्या. तोवरच्या संसारात त्याने तिला आपणहून आणलेली ती पहिलीच वस्तू असावी, कारण तिने त्या दोन दिवस पायात घातल्या नाहीत, नुसत्या पाहिल्या. तिसऱ्या दिवसापासून ती त्या घालून रोज सकाळी पायवाटेने खाली जाऊ लागली आणि पांढऱ्या खडकावर बसू लागली. गिऱ्हाईक आले की दुर्बीणवाला खिशातला आरसा काढून उन्हाची तिरीप तिच्या अंगावर पाडी. तिरीप पडली की तिने उठायचे, कळशी भरायची, चार पावले चालायचे आणि हात हलवायचा.

"बघा साहेब, लाल चपला! मोजून घ्या, दोन आहेत का?"

"अहो, खरंच! हात हलवला तिनं! कोण आहे ती?"

"असेल कोणीतरी गावातली," तो म्हणे.

मी तिला जितकी जवळून पाहिली, तितकी तिच्या नवऱ्याने कधी पाहिली नसेल. ताप असला की तिचे ओठ कसे सुकतात, मला ठाऊक होते. भाकर तोंडाजवळ नेताना तिरीप आली की तिची मान कशी आक्रसते, तेही. आत घेतलेले चित्र मी पलीकडच्या डोळ्याला देते. मला त्याचे काही करता येत नाही. पलीकडचा डोळा बहुधा हसत असे.

एकदा तिच्या उजव्या चपलेचा पट्टा तुटला. ती खडकावर बसून काळ्या दोऱ्याने तो शिवत होती. कठड्यावर त्या वेळी गिऱ्हाईक नव्हते, म्हणून दुर्बीणवाल्याने आपल्या लहान लेकीला उचलून माझ्याशी धरले. "बघ, आई काय करतेय?"

"चप्पल शिवतेय! बाबा, सुई दिसतेय मला! आईला हाक मारू?"

"नको. तिला ऐकू जायचं नाही."

तेवढ्यात एक सहल आली. लेकीला खाली ठेवून त्याने आरसा काढला. बाई सुई दातांत धरून, एका पायात चप्पल आणि एका हातात चप्पल अशी उठली आणि तिने हात हलवला. ती सहल फार हसली. लेकसुद्धा हसली, तिला वाटले, आईने आपल्यालाच हात केला.

कठड्याशी चहाची टपरी चालवणारी मावशी एवढी एकच दुर्बीणवाल्याला तोंडावर बोले. "भाऊजी, माकडवाला तरी माकडाला संध्याकाळी केळं देतो हो."

"तुमची किटली उतू चाललीय, ती बघा," तो म्हणे.

मग ती पहाट आली, जी मी पाहिली नाही. माझी टोपी उतरली तेव्हा ऊन वर आले होते आणि कड्याच्या टोकावर एक लाल चप्पल होती. डावी. पांढरा खडक रिकामा होता. होड्यांवरच्या पोरांनी तिन्ही वळणे धुंडाळली, गळ टाकले, कपारी तपासल्या. हाती काही लागले नाही. पलीकडच्या रस्त्याने त्या पहाटे एक बस गेली होती, आणि तिच्या वाहकाला कोणी काही विचारले नाही.

शोध चालू होता तेव्हा माझ्यापुढे लागलेली रांग गाड्यांच्या तळापर्यंत गेली होती. एवढी रांग तोवर कधीच लागली नव्हती. दुर्बीणवाला पहिल्या दिवशी डोक्याला हात लावून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने रांगेकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी त्याला कंठ फुटला.

"याच टोकावरून, बाईसाहेब! सोन्यासारखी बायको. नवऱ्याचा शब्द खाली पडू देत नसे. कोणाची दृष्ट लागली, देवच जाणे."

"मेल्या म्हशीला मणभर दूध," मावशी टपरीतून म्हणाली. पण तिच्याही चहाला गर्दी होती, म्हणून हळूच.

नुसत्या कड्याला मात्र लोक फार दिवस पाहीनात. मग एके दिवशी टोपी उतरली तेव्हा टोकाखालच्या कंगोऱ्यावर लाल ठिपका होता. "तो बघा! दुसरी चप्पल! अजून तिथंच आहे, कोणाची हात लावायची छाती होत नाही." पुढे दर वर्षी पाऊस तो ठिपका धुऊन नेई, आणि पाऊस सरला की दुर्बीणवाला दोरीला बांधून नवी चप्पल खाली सोडी. हे मात्र मी पाहिले. घाईत तो टोपी चढवायला विसरे.

लेक या बोलण्याखाली वाढली. दुसऱ्यांच्या मुली पाढे ऐकत वाढतात, ही आईचे मरण ऐकत वाढली, आणि तेही दिवसातून किती वेळा, ते रांगेवर अवलंबून. टोकावर सापडलेली डावी चप्पल तिने घरी पत्र्याच्या डब्यात जपली होती. टपरीवरच्या मावशीपाशी ती कधीकधी मन मोकळे करी.

"मावशी, तिनं उडी मारली असेल तर दोष बाबांचा. आणि बसनं निघून गेली असेल, तर मला टाकून गेली. यातलं कुठलं खरं असावं असं मला वाटतं, तेच मला कळत नाही."

"दोन्हींतलं एकही तुझ्या हातात नाही, पोरी. कप विसळ."

बापाचा घसा बसू लागला तेव्हा बोलण्याचे काम लेकीवर आले. एका रिकाम्या दुपारी तिने स्वतःसाठी मला कंगोऱ्यावर रोखले आणि तिचा डोळा बराच वेळ हलला नाही. चप्पल तळवा दाखवत पडली होती. तिचा डोळा हटला तेव्हा माझ्या काचेवर ओल राहिली. ती घरी धावली आणि डबा घेऊन आली.

"बाबा, ही डावी. आणि खालची पण डावी."

दुर्बीणवाल्याने डब्याकडे पाहिले आणि मग रांग नाही याची खात्री करून घेतली. "गिऱ्हाईक डावं-उजवं बघायला येत नाही."

"तुम्ही सोडता ती?"

"मग काय वाऱ्यानं येते? मेलेलं माणूस दाखवता येत नाही, पोरी. चप्पल दाखवता येते."

"पण ती मेली, हे कशावरून?"

"न मेलेल्या बाईला बघायला कोण रांग लावतं?" तो म्हणाला. त्यात राग नव्हता. तो तिला धंदा शिकवत होता.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. अर्धांगवायूने त्याची उजवी बाजू गेली, आणि उरलीसुरली वाचाही. लेक त्याला सकाळी टपरीशेजारच्या खुर्चीत आणून बसवी, तोंड पुसे, चहा चमच्याने पाजी. तो त्या वर्षी दोरी सोडू शकला नाही, आणि लेकीने सोडली नाही. पाऊस सरला. कंगोरा धुतलेल्या पाटीसारखा स्वच्छ होता.

"चप्पल कुठेय?" लोक विचारत.

"नाही. तिथं काही नाही."

"असं कसं? आम्ही मुद्दाम आलो! गेल्या वर्षी आमच्या जावेनं पाहिली."

"ती माझ्या बाबांनी ठेवलेली होती."

लोकांना हे अजिबात आवडले नाही. खोट्याने त्यांना कधी फसवल्यासारखे वाटले नव्हते, खऱ्याने वाटले. रांग तुटली आणि दरीवरून तारेला लटकून जाण्याचा नवा खेळ सुरू झाला होता तिकडे वळली. कंगोऱ्यावर मात्र लेक मला रोज रोखून बघे, रोज रिकामा. याची साक्ष मी देते.

खुर्चीतल्या माणसाचा डावा हात शाबूत होता. एका दुपारी रिकामा कठडा बघून त्याने खिशातून आरसा काढला. थरथरती तिरीप आधी जमिनीवर पडली, मग कठड्यावर, मग लेकीच्या तोंडावर येऊन थांबली. तिला वाटले, ऊन. तिने तोंड फिरवले; तिरीप मागोमाग आली. मग तिला उमगले. ऊठ. चाल. हात हलव.

"भाऊजी, लाज वाटू द्या!" मावशी ओरडली.

त्याच्या तोंडाची जी बाजू हलत होती, ती हसली.

लेकीने आरसा काढून घेतला नाही. काढून घेतला असता तर बरे, असे मला वाटले. पण मला वाटण्याला अर्थ नाही. ती ऊन उतरेपर्यंत तिरीप अंगावर घेऊन उभी राहिली, हलली मात्र नाही. संध्याकाळी तिने मला एकदा रिकाम्या कंगोऱ्यावरून फिरवले आणि माझ्यावर टोपी चढवली.

दुसऱ्या दिवशी टोपी उतरली तेव्हा कंगोऱ्यावर लाल ठिपका होता.

पाऊस जाऊन महिना उलटला होता. वारा नव्हता. लेकीने मला रोखले, भिंग फिरवून चित्र स्वच्छ केले आणि तिचा श्वास माझ्यावर थांबला. चप्पल विटलेली होती. ती उजव्या पायाची होती. पट्ट्याला काळ्या दोऱ्याची शिवण होती आणि शेवटचा टाका, घाईत उठावे लागल्यासारखा, अर्धवट सुटलेला होता.

मावशीने डोळा लावून पाहिले. मग म्हणाली, "वरच्या कपारीत अडकलेली असेल. आता निसटली."

असेलही. त्या कपारीवरून मला अनेक वर्षे फिरवले गेले आहे आणि तिथे मला कधी काही दिसले नव्हते. पण मी फक्त जिकडे वळवतात तिकडे पाहते. खुर्चीतल्या माणसाला घोट गिळवत नव्हता, तो दोरी कुठून सोडणार? लेकीपाशी डावी होती, उजवी कधीच नव्हती. तिने मला पांढऱ्या खडकावर वळवले, मग पायवाटेवर, मग पलीकडच्या रस्त्यावर. खडक रिकामा होता. रस्त्याने एक बस गेली आणि तिच्या खिडक्यांवर ऊन असल्यामुळे आतले मला दिसले नाही.

ठिपक्याची बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुपारपर्यंत रांग पुन्हा गाड्यांच्या तळापर्यंत गेली. बाप खुर्चीतून ती पाहत होता. पहिल्या माणसाने डोळा लावला आणि तो आनंदाने ओरडला, "दिसली, दिसली! म्हणजे बाई खरंच मेली तर!"

"माहीत नाही," लेक म्हणाली.

"तुम्हालाच माहीत नाही? मग दाखवता काय?"

"चप्पल. उजवी."

तो नाराज होऊन बाजूला झाला आणि पुढचा आला. वाचकहो, तुम्हीही कधी या रांगेत उभे राहाल. डोळा जरूर लावा, पण मला कौल लावू नका. माझ्या काचा झिजल्या आहेत, तिपाईचा एक पाय हलतो, आणि अजूनही काही दिसले की कुठेतरी घंटा वाजेल अशी वाट पाहण्याची खोड गेलेली नाही.

मला ठाऊक आहे ते इतकेच. आदल्या संध्याकाळी कंगोरा रिकामा होता. सकाळी त्यावर तिची चप्पल होती. मधल्या वेळी माझ्यावर टोपी होती.