शेरा : खाली

“आज इस गोशाला में जो हो रहा है, कल वह दुनिया की हर नांद तक पहुँचेगा!” संचालकसाहेबांनी हात उंचावून जाहीर केलं, आणि त्याच क्षणी नऊ नंबरच्या गाईने शेपूट उंचावून लाल गालिच्यावर जे केलं, ते जगातल्या प्रत्येक गोठ्यात आधीच पोहोचलेलं होतं.

“वेणीमाधव!” साहेब ओरडले.

वेणीमाधव फावडं घेऊन आले. ही रंगीत तालीम होती. साडेनऊ वाजले होते आणि अकराला दिल्लीची समिती येणार होती. गंगेपलीकडच्या या पशुपोषण केंद्रात तीस गंगातीरी जातीच्या गाईंवर नव्या गोळीपेंडीचा प्रयोग चालू होता. पंधरा गाईंना नवी पेंड आणि पंधरांना जुनीच. रोज सकाळी कोणत्या गाईने गव्हाणीत किती चारा उरवला ते तोलून नोंदवायचं, हे वेणीमाधवांचं एकतीस वर्षांचं काम. सरकारी कागदात त्याला ‘शेष चारा’ म्हणत. रामघाटावरच्या त्यांच्या मराठी घरात त्याला उष्टं म्हणत. वडिलांनी घरात वेदपाठशाळा चालवली. एक स्वर चुकला की पोराला पहिल्या ऋचेपासून पुन्हा म्हणायला लावत. त्यांचा मुलगा मात्र गाईंचं उष्टं मोजायला गेला. वडील शेवटपर्यंत लोकांना सांगत राहिले, “आमचा वेणीमाधव सरकारात वजनदार जागेवर आहे.” अन्नपूर्णाबाई इतक्या उदार नव्हत्या. नवरा दारात दिसला की म्हणत, “उष्ट्यातून आलात. कशाला हात लावू नका, आधी नहाणीघर.”

साहेबांच्या हातात झेंडूचा जाड हार होता. “यह माला सत्रह नंबर के लिए. अध्यक्ष जी अपने हाथ से पहनाएँगे. चार दिन से उसने एक दाना नहीं छोड़ा.”

वेणीमाधवांचं फावडं जागीच थांबलं.

“साहब, सत्रह नंबर ने चार दिन से एक दाना छुआ नहीं है.”

“रिकॉर्ड देखिए, वेणीमाधव जी,” साहेब म्हणाले. साहेब त्यांना ‘जी’ लावत तेव्हा विषय संपलेला असे.

सतरा नंबर गोठ्याच्या टोकाला उभी होती. तिच्या मागच्या खिडकीवर फलक ताणून बांधला होता : ‘पशु पोषण, स्वास्थ्य एवं कल्याण’. त्यातला ‘कल्याण’ नेमका खिडकीवर आल्याने तिच्याकडे येणारा वारा बंद झाला होता. तिची मान गव्हाणीच्या काठापर्यंत खाली गेली होती. डावी कूस नगाऱ्यासारखी तट्ट फुगली होती. मधूनच ती दात करकरा वाजवायची. वेणीमाधवांनी कुशीवर दोन बोटं आपटली. आलेला आवाज त्यांना अजिबात आवडला नाही.

तीस पावलांवर दवाखाना होता. दारात जनावरांचे डॉक्टर पांडेजी बॅग घेऊन बसले होते. ते मंगळवारपासूनच बसले होते.

“पांडेजी, आज तो देख लीजिए.”

“देख तो यहीं से रहा हूँ, पंडितजी. ट्रायल का जानवर है. जब तक मैडम दस्तखत करके उसे ट्रायल से बाहर नहीं करतीं, मैंने सुई लगाई तो नौकरी मेरी जाएगी.” त्यांनी आवाज खाली आणला. “पर दोपहर मत होने देना. गैस दिल पर चढ़ रही है.”

मॅडम म्हणजे डॉ. निवेदिता. अकोल्याची, बत्तीस वर्षांची, करारावरची. प्रयोग तिचाच होता. गेल्या रविवारी केंद्राचा वजनकाटा बंद पडून दुरुस्तीला गेला आणि त्याच संध्याकाळी ती प्रशिक्षणासाठी लखनौला गेली; तिथे दिवसभर तिचा फोन बंद असे. जाताना म्हणाली होती, “काका, काटा येईपर्यंत अंदाजाने लिहा. आणि मराठीतच लिहा ना, मला वाचायला बरं.”

एकतीस वर्षं वेणीमाधवांनी नोंदवही हिंदीत लिहिली होती. कचेरीत कुणीतरी आपल्याला मराठीत लिही म्हणतं, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं, की त्या रात्री त्यांनी अन्नपूर्णाबाईंना ते दोनदा सांगितलं. “मग लिहा की शुद्ध,” त्या म्हणाल्या. त्यांनी शुद्ध लिहिलं. बाकी गाईंपुढे अंदाजे किलो लिहिले. सतरा नंबरने चाऱ्याला तोंडच लावलं नव्हतं. तिथे मोजायचं काय? म्हणून तिच्यापुढे त्यांनी नुसता शेरा लिहिला.

पावणेदहाला निवेदिता आली. लखनौहून पहाटेच्या गाडीने, डोळे सुजलेले, काखेत गुंडाळलेला मोठा तक्ता. वेणीमाधवांनी तिला गोठ्याच्या दारातच गाठलं.

“मॅडम, सही हवी. सतरा नंबरची तबीयत फार खराब आहे. जुगाली बंद, रवंथच नाही.”

“सतरा?” तिने तक्ता उलगडला. खाल्लेल्या चाऱ्याची एक रेघ बाकी सगळ्या रेघांच्या डोक्यावरून वर गेली होती. “काका, सतराने तर कमाल केलीय. उरलेला चारा सोमवारपासून शून्य. सगळा रिपोर्ट तिच्यावर उभा आहे.”

“शून्य कुणी लिहिलं? मी तर रोज लिहितोय, खाली म्हणून.”

“काय लिहिताय?”

त्यांनी नोंदवही उघडून पुढे धरली. सोमवार : मान खाली. मंगळवार : खाली. बुधवार : खाली. गुरुवार : खाली. शेऱ्याचा रकाना अरुंद होता. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मान गाळली होती.

निवेदिताने ते चार शेरे वाचले. पुन्हा वाचले. मग वळून कचेरीच्या खिडकीकडे हाक मारली, “मिश्राजी!”

मिश्राजी नोंदवहीतले आकडे संगणकात भरून मॅडमना लखनौला पाठवत. पान सावकाश गालात सरकवून ते बाहेर आले. सोमवारच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं.

“इसमें क्या गड़बड़ है, मैडम? साफ़ लिखा है : मान, खाली. हमने मान लिया.”

“क्या मान लिया?”

“कि खाली.” मिश्राजींनी तळहात उलटून रिकामी गव्हाण दाखवली. “नांद खाली, बचा शून्य. उसके बाद तीन दिन सीधे खाली लिखा है, उसमें तो मानना भी नहीं पड़ा.”

कुणीच हसलं नाही. टोकाला सतरा नंबरने दात वाजवले.

“मिश्राजी, मराठीत मान म्हणजे गर्दन,” वेणीमाधव म्हणाले. “और खाली माने नीचे.”

“तो नीचे लिखना था,” मिश्राजी म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

वेणीमाधवांना वडील आठवले. स्वर चुकला की डोळे न उघडता नुसतं बोट वर करत. इथे तर स्वर, अक्षर, काना, मात्रा सगळं जागेवर होतं. चुकायला काही उरलंच नव्हतं, तरी गाय मरायला टेकली होती.

“मॅडम, सही,” ते म्हणाले.

निवेदिताने तक्ता गुंडाळला. पुन्हा उलगडला. “काका, माझा करार या महिन्यात संपतो. आज समितीने हो म्हटलं तरच प्रयोग पुढे चालेल. नव्या पेंडीवरची गाय आजारी पडून बाहेर काढली म्हटलं, तर संपलंच.” तिने घड्याळ बघितलं. “दोन तास द्या. ते बघून गेले की लगेच सही करते. तुमची शपथ.”

“माझी नका घेऊ. मी नाही आजारी.”

संचालकसाहेब हाक मारत होते आणि ती गेली.

अकरा वाजले. समिती आली नाही. साडेअकरा झाले. निरोप आला की पुलावर गाड्या अडकल्या आहेत, तेव्हा समिती पंचगंगा घाटावरून बोटीने येते आहे. वेणीमाधवांनी खिडकीवरचं ‘कल्याण’ सोडून आत दुमडलं. थोडा वारा आला. सतरा नंबरचे पुढचे पाय थरथरत होते. ते तिच्या कपाळाला कपाळ लावून पुटपुटले, “बसू नको हां. बसलीस तर उठायची नाहीस.” ती पुढच्या गुडघ्यांवर टेकली, तेव्हा त्यांनी खांदा लावून तिला पुन्हा उभं केलं. एकोणसाठ वर्षांचा खांदा होता तो. उभी राहण्यात गाईचाच वाटा जास्त होता.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना नाव काठाला लागली. समिती पायघोळ कपडे सावरत उतरली. तिच्या मागून वेणीमाधव नावाड्यापाशी गेले.

“वह काँटा दोगे? मच्छीवाला?”

“पंडितजी, मच्छी लोगे?” नावाडी चक्रावला.

“गाय का जूठा तौलना है.”

नावाड्याने फळीखालून आकड्याचा स्प्रिंगकाटा काढून दिला. त्याला सकाळच्या रोहूचा वास होता. आज घरी दोनदा नहावं लागणार, एवढा हिशेब वेणीमाधवांनी चालता चालता केला.

ते गोठ्यात शिरले तेव्हा अध्यक्ष सतरा नंबरसमोर पोहोचले होते. जाडजूड, पांढऱ्या केसांचे, गळ्यात स्वतःच एक हार. साहेब तक्त्यावर छडी फिरवत होते. “यह देखिए, एक दाना नहीं छोड़ती. नई खुराक का चमत्कार!” अध्यक्षांनी झेंडू सतरा नंबरच्या गळ्यात घातला. हार मानेवरून घसरून गव्हाणीत पडला. मान तितकी खाली होती. शेजारच्या सोळा नंबरने लांब जीभ काढून तो ओढून घेतला आणि शांतपणे खाल्ला. ही जुन्या पेंडीवरची होती.

वेणीमाधव कुणाकडे न बघता वाकले. सतराची गव्हाण दोन्ही हातांनी उपसून बादलीत भरली. बादली आकड्याला अडकवली. मग गोठ्याच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू जावी अशी खणखणीत हाळी दिली. पाठशाळेत घोटवलेला गळा होता. प्रत्येक अक्षर सुटं निघालं.

“सत्रह नंबर! दिया छह किलो! बचा पाँच किलो नौ सौ!”

छडी तक्त्यावरच राहिली.

“चार्ट में तो शून्य है,” अध्यक्ष म्हणाले.

“पुराना काँटा है सर, मछली का,” साहेब घाईने म्हणाले. “वेणीमाधव जी, आप बाहर जाइए.”

वेणीमाधव बाहेर गेले नाहीत. बादली धरून उभे राहिले आणि निवेदिताकडे बघत राहिले. बघण्यात रागही नव्हता, विनंतीही नव्हती. वजन लिहून घेणाऱ्याकडे बघावं तसं बघत होते. लिहिलं का?

निवेदिता पुढे आली. “काँटा सही है, सर,” ती म्हणाली. “चार्ट गलत है. गाय चार दिन से बीमार है. पढ़ने में गलती हुई. मूळ नोंदवही मी... मैंने रजिस्टर खुद देखा ही नहीं.”

“लिखने में हुई, साहब,” वेणीमाधव म्हणाले. “मैंने मराठी में लिखा.”

“पढ़ने में, काका.”

“लिखने में, मॅडम.”

दाराशी मिश्राजींनी पान दुसऱ्या गालात नेलं. हा वाद असाच चालावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

निवेदिताने पर्समधून पेन काढलं, नोंदवही वेणीमाधवांच्या पाठीवर टेकवली आणि लिहिलं : क्रमांक सत्रह, ट्रायल से बाहर. सही केली. पेनचं टोक त्यांना सदऱ्यातून टोचत होतं. “तुमच्या हिंदीत लिहिलंय,” ती हळूच म्हणाली. पांडेजी बॅग उघडत दवाखान्याच्या दारातूनच ओरडले, “लाओ, जल्दी लाओ!”

वेणीमाधवांनी खुंटीवरून दावं सोडलं.

पण संचालकसाहेब असे हरणारे नव्हते. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. “आदरणीय अध्यक्ष जी, यही तो है हमारे केंद्र की सच्चाई! यहाँ का छोटे से छोटा कर्मचारी भी विज्ञान का प्रहरी है!” फोटोग्राफर पुढे सरकला. अध्यक्षांचे डोळे खरोखरच पाणावले. त्यांनी वेणीमाधवांच्या खांद्यावर हात ठेवला.

“इकतीस साल आपने इन बेज़ुबानों की सेवा की है. आज पूरी समिति आपको सुनना चाहती है. बोलिए पंडित जी, क्या कहना चाहेंगे?”

सगळे थांबले. कॅमेरा थांबला. सतरा नंबरने एक पाऊल टाकलं आणि दावं ताणून तीही थांबली.

वेणीमाधवांनी हात जोडले. “साहेब,” ते म्हणाले, “ज़रा पैर उठाइए. दावं तुमच्या बुटाखाली आहे.”