बोटभर बकुळ

इमारतींच्या मॉडेलवर झाडं कायम पूर्ण वाढलेलीच दाखवतात. रोपटं कोणी लावत नाही. हा या धंद्यातला जुना रिवाज. नौपाड्यात आमच्या ह्यांचं वर्कशॉप होतं तेव्हा इमारती ते कापायचे, झाडं मी करायची. तांब्याची तार पिळून खोड, वाळक्या घोसाळ्याचा चोथा पिंजून फांद्या, त्यावर रंगवलेला लाकडाचा भुसा. हे गेले, मग वर्कशॉपही गेलं. तार पिळायची सवय तेवढी बोटांत राहिली.

वर्तकनगरची आमचीच इमारत पाडून नवी व्हायची होती. तिचं मॉडेल करायचं काम डोंबिवलीला माझ्या भाचीकडे, योगिनीकडे आलं.

"मावशी, विकतची झाडं बाटली घासायच्या ब्रशसारखी दिसतात. तू कर ना."

"डोळे गेलेत गं माझे."

"बोटं आहेत ना?"

नकाशात अंगणात एक हिरवा गोल होता. तिथे आमची बकुळ. शेजारच्या जनाबाईंच्या मुलाने, दिपेशने शाळेत असताना लावलेली. पुढे तो काविळीने गेला. जनाबाई रोज सकाळी तिची फुलं वेचून पदरात बांधत. बकुळ तोडणार असाल तर सही देणार नाही, असं त्यांनी बिल्डरच्या माणसाला तोंडावर सांगितलं होतं. इमारतीतली तेवढीच एक सही अडली होती.

बाकीची झाडं मी भराभर उरकली. बकुळीला वेळ दिला. खोड डावीकडे कलतं घेतलं, झोपाळ्याच्या दोरीने फांदीला पडलेली खाचही घेतली.

सोसायटीच्या सभेत मॉडेलवरचं कापड निघालं. जनाबाई वाकल्या.

"अगं बाई! वहिनी, ही तर आपली बकुळ!"

बिल्डरचा माणूस नुसता हसला. जनाबाईंनी चष्मा पुसला आणि सही केली.

जिन्यात मी योगिनीला विचारलं, "बकुळ ठेवणारेत ना गं?"

"मावशी, तो गोल म्हणजे इथे काहीतरी हिरवं, एवढंच. बकुळ तू केलीस. मला वाटलं, तुला माहितीये."

मी परत वर गेले, तर जनाबाई पेढे वाटत होत्या. माझ्याही हातावर ठेवला.

मग सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. जनाबाई शीळफाट्याला गेल्या. उन्हाळ्यात त्या हट्टाने मला घेऊन जागा बघायला आल्या. पत्र्याआड नुसता खड्डा. बकुळीच्या जागीही खड्डाच. शेजारी विक्रीचं ऑफिस थंडगार, आणि मॉडेल दिव्यांनी लखलखलेलं.

"हे झाड कुठाय रे?" जनाबाईंनी तिथल्या मुलाला विचारलं.

"येणार ना, आजी! पझेशनच्या वेळी नवीन लावतात. मॉडेलमध्ये मोठंच दाखवतात."

जनाबाई माझ्याकडे वळल्या. "वहिनी, एवढं व्हायला किती वर्षं लागतात हो?"



त्यांनी वाकून बकुळीखाली बोट फिरवलं, सकाळी फुलं वेचायच्या तसं. बोटाला हिरवा भुसा लागला. तो त्यांनी पदराच्या टोकात बांधला.