तिसऱ्या खणातली फाइल

मित्रांनो, चार खणांचं एक जुनं लाकडी कपाट आहे मी. सुताराने मला कपड्यांसाठी घडवलं होतं. पण मी आलं मुलांच्या मदत कार्यालयात, आणि माझ्या पोटात कपड्यांऐवजी घरं आली. एकेका फाइलीत एकेक घर.

कुठल्या खणात काय ठेवायचं ते बाईंनी ठरवलं. बाई म्हणजे तिथल्या सर्वांत जुन्या कार्यकर्त्या. पहिल्या खणात बरं चाललेली घरं. दुसऱ्यात, थोडा हात दिला की सावरतील अशी. तिसऱ्यात, ज्यांचं दार दर आठवड्याला वाजवायलाच हवं अशी. आणि चौथ्यात ती, जिथून मुलाला त्याच दिवशी बाहेर काढावं लागतं. फाइल चुकीच्या खणात गेली, तर एखाद्याचं बालपण चुकत असे. म्हणून बाई खण ओढण्याआधी घुटमळत. कार्यालयाचे साहेब चिडवायचे, "काय बाई, कपाटाला विचारताय का?" बाई म्हणायच्या, "ते निदान घाई तरी करत नाही." मला फार बरं वाटायचं.

एकदा शाळेकडून निरोप आला. नऊ वर्षांची एक मुलगी रोज उशिरा येते, वर्गात पेंगते. वडील नाहीत, आई आजारी, भाऊ दीड वर्षाचा. घरी जायचं तर आधी चिठ्ठी पाठवायची, असा कार्यालयाचा नियम. त्याप्रमाणे कळवून नुकतीच कामाला लागलेली ताई जाऊन आली, ती खूश होऊनच. घर लख्ख होतं म्हणाली. भांडी पालथी, कपड्यांच्या घड्या, बाळाचे केस विंचरलेले. आईही हसून बोलली. ताईने फाइल माझ्या पहिल्या खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ती वाचली आणि ताईला जवळ बसवून घेतलं.

"कपडे कुठे वाळत होते गं?"

"खोलीतच, दोरीवर."

"दोरी किती उंच होती?"

ताई आठवू लागली. मग तिचा चेहरा उतरला. "खाली होती, बाई. लहान मुलीचा हात पोहोचेल इतकी. मला वाकून जावं लागलं."

दोघी तशाच उठल्या आणि चिठ्ठी न पाठवता गेल्या. परतल्या तेव्हा ती मुलगी भावाला कडेवर घेऊन सोबत होती. आईला दवाखान्यात ठेवलं होतं. आजार मनाचा होता. कित्येक महिने ती अंथरुणातून उठलीच नव्हती. चिठ्ठी आल्यापासून मुलगी शाळा बुडवून घर आवरत होती, आणि पाहुण्यांशी हसून कसं बोलायचं ते आईला शिकवत होती.

साहेबांनी माझा चौथा खण ओढला. मुलांना बालगृहात पाठवू म्हणाले. उद्या काही बरंवाईट झालं तर? त्यांचंही खोटं नव्हतं. आदल्या दिवशी चुकलेली ताई तर लगेच हो म्हणाली.

"मी वेळेवर शाळेत जाईन," मुलगी म्हणाली. "आईला रागावू नका."

बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. "कुणी रागावत नाही, बाळा. तुला घरी कशाची मदत हवी, ते सांग."

मुलगी बराच वेळ भावाच्या झबल्याची नाडी सोडत-बांधत राहिली. असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"सकाळी याला कुणी घेतलं," ती म्हणाली, "तर मला वेणी घालता येईल."

बाईंनी साहेबांच्या हातातली फाइल घेऊन तिसऱ्या खणात ठेवली. आई परत येईपर्यंत, बाईंनी बोलावून घेतलेली मुलांची मावशी राहायला आली. पुढे रोज सकाळी एक मदतनीस, बाळाला पाळणाघर, आईला औषधं, आणि दर आठवड्याला न कळवता बाईंची फेरी. साहेबांनी सही केली, पण तीन महिन्यांच्या मुदतीने. मुदत वाढत गेली. वर्षाने फाइल दुसऱ्या खणात आली, आईचं पुन्हा बिनसलं तेव्हा परत तिसऱ्यात गेली. बाईंना त्यात कमीपणा वाटला नाही. पहिल्या खणात यायला त्या फाइलीला चार वर्षं लागली.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांचा चष्मा काही दिवस माझ्यावरच होता. मग घरचं कुणी येऊन घेऊन गेलं. आता कुठल्या घराला किती मदत हवी याचे गुण संगणक देतो आणि मी जिन्याखाली रंगाचे डबे सांभाळतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या वर्गात कुणी पेंगत असेल, तर हसू नका. आणि मोठेपणी एखाद्या घराची फाइल तुमच्या हाती आलीच, तर काही ठरवण्याआधी त्या घरातल्या मुलाला विचारा, आणि त्याच्याजवळ बसून राहा. उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो.